मुलाकडची बाजू

कुवेतमध्ये समुद्राकाठच्या बागेतल्या हॉटेलाला कॅसिनो म्हणत. त्यात जुगार नव्हता, नाच नव्हता, आणि आम्ही जायला लागलो तेव्हा दारूही उरली नव्हती. रंगीत दिव्यांच्या माळा, लोखंडी खुर्च्या, एक थकलेला गवई आणि संत्र्याचं सरबत, एवढाच थाट. पण गावी सुट्टीवर गेल्यावर आमच्यातला प्रत्येकजण ‘कॅसिनोत जातो’ हे असं काही सांगे, की ऐकणाऱ्याने वरून कानाला हात लावावा आणि आतून जळावं.

शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारची संध्याकाळ आमची. बनेद अल-गार या वस्तीत एका खोलीत आम्ही सहाजण राहायचो, सगळे रत्नागिरीकडचे, एकाच खाडीच्या एकाच काठावरचे. इस्त्रीच्या पँटी चढवून, केसांना तेल चोपडून आम्ही जग बघायला निघत असू. नवी माणसं भेटावीत ही केवढी हौस! आणि तिथे लेबनानी, मिसरी, तेलकंपनीतले गोरे, सगळं जग खरंच येत होतं. आम्ही मात्र एका टेबलाभोवती गोल बसून गावातल्या मशिदीची कौलं कुणी बदलायची यावर भांडायचो. एवढा समुद्र ओलांडला तो शेजाऱ्याचं तोंड बघायला.

कॅसिनोचे दोन भाग होते. समुद्राकडचा कुटुंबांसाठी आणि भटारखान्याकडचा आमच्यासारख्या सड्या पुरुषांसाठी. मध्ये कण्हेरीच्या कुंड्यांची रांग. समुद्राचा वारा त्यांना, कांद्याचा धूर आम्हाला. दोन्हीकडे सरबत पोचवणारा वेटर मलबारी होता. दोनचार शब्द बोलायचा, आणि ट्रे इतका सरळ धरायचा की सरबताचा थेंब सांडत नसे.

एका गुरुवारी कुंड्यांपलीकडून आवाज आला, “आरं, पान्यात जाव नको, भिजशील!” आम्हा सहाजणांच्या माना एकदम वळल्या. दोन अरब पोरांमागे एक बाई धावत होती आणि त्यांना आमच्या खाडीच्या बोलीत दटावत होती. पोरांना ते समजतही होतं. दस्मान मोहल्ल्यातल्या एका व्यापाऱ्याची मुंबईत पेढी होती, तिथून त्याने तिला मुलं सांभाळायला आणलं होतं. तिशीची असेल, विधवा, मागे-पुढे कुणी नाही. खाडीच्या पलीकडल्या काठावरची.

त्यातल्या एका पोराची बाही फाटली आणि ही गोष्ट सुरू झाली. आमच्या खोलीत एक टेलरमास्तर होते. तीन बहिणींची लग्नं उरकता उरकता स्वतः चाळिशीला टेकलेले, आणि लाजाळू इतके की गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घेताना स्वतःच लाल होत. त्यांच्या कॉलरला कायम एक दोरा ओवलेली सुई टोचलेली असे. बाईने कुंड्यांवरून पोराचा हात पुढे केला, मास्तरांनी उभ्या उभ्या टाके घातले. पुढच्या गुरुवारी बटण तुटलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी काय तुटलं ते मला दिसलं नाही, पण दोघं बराच वेळ बोलत होती. मास्तर खोलीवर परत येताना गुणगुणायला लागले, तेव्हाच आम्ही ओळखलं.

मग एके दिवशी जेवताना मास्तर म्हणाले, “मी तिला इचारतो. हो बोलली तर निकाह करतो.” इतकी सरळ गोष्ट. पण आमच्या खोलीत चाचा होते.

चाचा एका गोदामात स्टोअरकीपर होते आणि वयाने सर्वात मोठे, एवढ्या भांडवलावर ते आमची अख्खी जमात, म्हणजे गावची पंचायतच, होऊन बसले होते. उंटावरचा शहाणा ही म्हण त्यांनी उंटांच्या देशात येऊन खरी केली. ते म्हणाले, “सोयरीक नवरा करीत नाय. मुलाकडची मानसं जातात, बोलनी करतात. आपला कायतरी मान हाय का नाय?”

मास्तरांनी मान खाली घातली. मला संताप आला. पण संताप येणं आणि जेवण सोडून उठणं यात फरक असतो, आणि त्या दिवशी सुरमई होती.

तर पुढल्या गुरुवारी आम्ही मुलाकडचे झालो. चाचांनी फेटा बांधला. मिठाईचा पुडा घेतला. सहाजणांचं ते शिष्टमंडळ कण्हेरीच्या कुंड्यांपाशी जाऊन उभं राहिलं तेव्हा गवई गायचा थांबला. चाचांनी घसा खाकरून विचारलं, “बाय, तुझ्या घरचा मोठा मानूस कोन? बोलनी कोनासंगं करायची?”

“इकडं मीच हाय,” ती म्हणाली.

हे चाचांच्या हिशेबात बसेना. मग खाडीच्या पलीकडच्यांनी अलीकडे मुली दिल्या की नाही, यावर आमच्यातच वाद पेटला. कोणाच्या तरी आजोबांच्या होडीचा विषय निघाला. मिठाईचा पुडा या हातातून त्या हातात फिरत राहिला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथे नवरी चांगली धडधाकट होती, विघ्नंच सगळी मुलाकडची.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “लगीन यांना करायचा हाय, का तुमी सगल्यांना?” आणि मास्तरांकडे वळून, “तुमी बोला.”

मास्तरांनी तोंड उघडलं. मग त्यांनी चाचांकडे पाहिलं.

तिनेही ते पाहिलं. तिने पोरांचे हात धरले आणि निघून गेली.

खोलीवर आल्यावर चाचांनी फर्मान काढलं. आपण एकदा गेलो, आता मुलीकडून निरोप यायला हवा. तोवर मास्तरांनी तिकडे फिरकायचं नाही, मुलाकडची बाजू हलकी होते. मी तोंडावर सांगितलं, “चाचा, मुलीकडं ती एकटी हाय. तिनं निरोप कोनासंगं धाडायचा, त्या पोरांसंगं?” चाचा म्हणाले, रीत म्हणजे रीत. मास्तर चाचांच्या पँटला इस्त्री करत राहिले.

पुढल्या गुरुवारी आम्ही पाचजण गेलो. ती आली होती. कुंड्यांपाशी येऊन तिने आमच्या टेबलावर नजर फिरवली, प्रत्येकाच्या तोंडावरून, सावकाश. मास्तर नको असते तर कशाला बघितलं असतं? मी खोलीवर येऊन मास्तरांना हे सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. मग ते चाचांना म्हणाले, “जाव काय?” चाचा म्हणाले, “थांब.”

ते थांबले. तिनेही आणखी काही गुरुवार वाट पाहिली. मग उन्हाळ्यात व्यापाऱ्याचं कुटुंब लेबनानच्या डोंगरात गेलं, ती पोरांबरोबर गेली, आणि परत आल्यावर त्या मलबारी वेटरने तिला विचारलं. हे त्यानेच मला सांगितलं. सरबत ठेवलं, ट्रे काखेत घेतला आणि मोडक्या हिंदीत विचारलं. तिने सरबत संपवलं आणि हो म्हणाली. त्याच्या बाजूने एक ट्रे होता, बस.

लग्नाचा कोट शिवायला तो आमच्याच मास्तरांकडे आला. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं की सगळं ठाऊक होतं, मला आजही कळलेलं नाही. मास्तरांनी माप घेतलं आणि कोट असा शिवला की तसा दुसरा त्यांच्या हातून मी पाहिला नाही.

निकाह दस्मानला, त्या व्यापाऱ्याच्या अंगणात झाला. आम्ही सगळे गेलो. चाचांनी तोच फेटा बांधला होता, आणि आत शिरताच त्यांनी विचारलं, “मोठ्या मानसांची बैठक कुठं हाय?” वरातीमागून घोडं, आणि तेही पहिल्या रांगेत बसायला निघालेलं!

निघायच्या वेळी ती मोटारीपाशी उभी होती, दोन्ही पोरं तिच्या ओढणीला धरून. आम्ही सलाम करायला गेलो. तिने नवऱ्याच्या कोटाची कॉलर नीट केली आणि मास्तरांकडे पाहून हळूच म्हणाली, “एक शबूद बोलायचा व्हता, मास्तर.”

मास्तरांनी तोंड उघडलं. आणि सवयीने चाचांकडे पाहिलं.