कुत्रा शहाणा झाला तेव्हा

आम्ही वाशीला राहायला गेलो तेव्हा खाडीवरचा पूल नवा होता आणि आमच्या इमारतीपलीकडे नुसती भाताची खाचरं होती. तिथूनच एक तांबडं पिल्लू आमच्या मागे मागे तिसऱ्या मजल्यावर आलं आणि राहिलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. ते घरात हाक मारायचं नाव होतं, घरातच राहू दे.

हा कुत्रा म्हणजे निव्वळ धसमुसळेपणा. संध्याकाळी कारखान्याच्या बसमधून उतरून बाबांनी जिन्यात पाऊल टाकलं, की हा दारावर धडका द्यायचा. दार उघडताच दोन्ही पंजे थेट त्यांच्या छातीवर. शर्टावरच्या चिखलाच्या ठशांवरून आई मग दोघांनाही फैलावर घ्यायची. चाळीतल्या एका खोलीतून ती या फ्लॅटमध्ये आली होती. इथली मोझॅइकची फरशी तिला आरशासारखी लागे, आणि दिवाणावरची चादर सुरकुतलेली अजिबात खपत नसे. "माणसांत राहायचं तर माणसांसारखं वाग," असं ती त्याला रोज बजावायची.

म्हातारपण दिसू लागलं आणि तो खरंच तसा वागायला लागला. उड्या थांबल्या. दिवाणावर चढणं सुटलं. बाबा आले की जागेवरूनच शेपटी हलवायचा. खाली नेलं तर खांबापाशी तंगडी वर करायची सोडून बसूनच उरकायचा. आई जिन्यात भेटेल त्या बाईला सांगू लागली, "आमच्याकडे वळण लागलं हो शेवटी!" शेजारच्या काकू तर आपल्या मुलाला म्हणाल्या, "बघ, कुत्र्याला समजलं, तुला कधी समजणार?" आम्ही सगळे खूश. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हण घरात उठताबसता वापरली जायची. त्याच्या बाबतीत ती कुणालाच आठवली नाही.

एका रविवारी आई त्याला आंघोळ घालून पंच्याने पुसत होती. कमरेवर हात दाबला गेला, तसा तो कळवळला आणि मान वळवून त्याने तिचं मनगट दातांत धरलं. चावला नाही, नुसतं धरून ठेवलं. आई तशीच बसून राहिली. मग तिने हलक्या हाताने मागचे पाय चाचपले. मांड्या सुकल्या होत्या. एका पंजाची नखं फरफटून बोथट झाली होती.

"अहो, ह्याला दुखतंय," ती म्हणाली. "आणि आमचे पेढे वाटायचेच बाकी होते!"

बाबा स्वतःची पाठदुखीची गोळी द्यायला निघाले होते, ती आईने काढून घेतली. ते बरंच झालं. माणसांची गोळी कुत्र्याच्या जिवावर बेतते, असं दुसऱ्या दिवशी गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. कण्यावरून बोटं फिरवत त्यांनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"मी त्याला शहाणा म्हणायला लागले तेव्हापासून," आई म्हणाली.

औषधं मिळाली. जिना बंद, गुळगुळीत फरशी बंद. वेळ बरीच गेली आहे, चालता राहिला तरी पुष्कळ, असं डॉक्टर म्हणाले. आईने त्या मोझॅइकवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गोणपाटं अंथरली. बाबा त्याला कडेवर घेऊन तीन मजले उतरवायचे, खाली पोटाखालून टॉवेल घालून मागचा भार उचलून धरायचे. "मेल्या, एकदा तरी चादर घाण कर," आई त्याला विनवायची. तो चालता राहिला, पण पुन्हा त्याने काही घाण केलं नाही. त्याच्या त्या जुन्या धसमुसळेपणासाठी माझा जीव अजून तुटतो.

दुखलं की सांगायला मात्र तो शिकला. आई पोळ्या करत असली की ओट्यापाशी येऊन तिच्या पोटरीला कंबर टेकायचा. ती गॅस बारीक करायची, तव्यावर हात धरून तळवा शेकायची आणि वाकून त्याच्या कमरेवर ठेवायची. पोळी करपली तरी चालायचं.

तो गेल्यावर काही दिवसांनी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. आईने पोळी उलटली, गॅस बारीक केला, तव्यावर हात धरला आणि वाकली. खाली कुणी नव्हतं. मी पुढे होऊन तिचा तळवा हातात घेतला. तो चांगलाच गरम झाला होता.