गोड तंबाखूचा एक झुरका

सुधाकरने डोळे मिटून पाइपचा झुरका घेतला आणि म्हणाला, "वा, आज धूर छान उतरलाय."

तेवढ्यात गोड वास माझ्या नाकाशी आला. मी चुकून त्याच्या पाइपमध्ये दुसऱ्या डब्यातली व्हॅनिलाची तंबाखू भरली होती. आमची नेहमीची इंग्लिश पद्धतीची. तिच्यात लाकडाच्या धुरावर सुकवलेलं काळं पान असतं. तीन चिमटींत भरायची, पहिली सैल, तिसरी घट्ट, आणि त्या धुराची चव जिभेवर कशी उशिरा उतरते, हे सगळं मला या शेजाऱ्यानेच पाच वर्षांपूर्वी शिकवलं. तेव्हापासून दर रविवारी आम्ही माझ्या गॅलरीत एकेक पाइप ओढतो आणि चवीवर बोलतो.

"सुधाकर, ही व्हॅनिलाची आहे."

तो पाइपकडे पाहत राहिला. "नाकाच्या ऑपरेशनपासून मला वास येत नाही रे. तीन वर्षं झाली."

"मग दर रविवारी काय सांगायचास?"

"तू आधी बोलायचास. मी त्यात थोडी भर घालायचो. नाहीतर तू बोलावणं बंद केलं असतंस."

वजनाला काटा असतो, चवीला नसतो. तिथे माणूस दुसऱ्याच्या होकारावर विसंबतो. तीन वर्षांत दीडशेच्या वर रविवार होतात, आणि त्यातल्या एकाही रविवारी माझ्यासोबत कुणी ती चव घेतलेली नव्हती. नाक गेलंय म्हणाला असता, तर मी त्याला रोज बोलावलं असतं. हे त्याला सांगणं मला जमलं नाही.

मी माझा पाइप पेटवला, नेहमीच्याच तंबाखूचा. तिच्यात ती धुराची चव आहे की नाही, ते मला एकट्याला ठरवता येईना.