खोटे चार दिवस

आमच्या फ्रिजमध्ये शेंगाचटणीच्या डब्यामागं नातसुनेची इंजेक्शनं असतात. सोलापूरच्या उन्हात बाहेर कुठं ठेवणार? दोनदा पोटातलं गेलं तिचं. आता तिसऱ्यांदा राहिलंय, आणि डॉक्टरणीनं रोज पोटावर टोचायला सांगितलंय. घरात कुणाला ठाऊक नाही, असं तिला वाटतं. मी चटणी घेतली की डबा होता तसा तिरका ठेवते. लपवालपवीत माझा हात कुणी धरणार नाही.

माझी तर तीन गेली होती. तेव्हा औषध म्हणजे वैरागहून आणलेला अंगारा. पाळी चुकली की ते घराला माझ्याआधी कळायचं, कारण बाजूला बसायचे दिवस सगळ्या बायकांच्या बोटांवर असत. मग ओटीच्या गोष्टी निघायच्या, आणि दोन महिन्यांनी, "हिचं काय टिकत न्हाय."

चौथ्या वेळी मी डोकं चालवलं. तेवीस वर्षांची बृहस्पतीच की मी. पाळी चुकली, तरी ठरल्या दिवशी कोपऱ्यात जुनी चादर टाकून बसले. पाणी भरणं नाही, भाकरी थापणं नाही. सासूबाई लांबून ताट सरकवायच्या. कसं फसवलं, म्हणून मी पदरात हसायचे. पोटाशीच बोलायचे. बोलायला दुसरं होतं कोण? यांनाही सांगितलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात परत बसले. दुसऱ्या दिवशी खरंच रक्त आलं.

घराला वाटलं, नेहमीचंच. सासूबाई म्हणाल्या, "भाकरी तशीच हाय की."

"भूक न्हाय."

पाचव्या दिवशी न्हाऊन चुलीपुढं बसले. इतकी हुशार, की रडायला कारणसुद्धा शिल्लक ठेवलं नव्हतं. पुढं मुलगा झाला, तो टिकला. का टिकला, कुणास ठाऊक. कोपऱ्यातलं मात्र कोपऱ्यातच राहिलं.

परवा नातसून "मैत्रिणीकडं जाते" म्हणून निघाली. पोटातले ठोके बघायचा दिवस होता तो. चष्मा लावून मी तिची फाइल वाचली होती. मीही चपला घातल्या.

"आज्जी, तुम्ही कुठं?"

"तुझ्या मैत्रिणीकडं."

रिक्षात तिला सगळं सांगितलं.

"खोटंच बसला होता?" ती हसायला लागली.

"व्हय. चार दिवस आयतं खाल्लं की."

मग तिचं हसू थांबलं. दवाखाना येईपर्यंत तिनं माझा हात धरून ठेवला.

आत एकटीलाच नेलं. बाहेर आली, ती शेजारी बसली.

"ठोके दिसले. मागच्या वेळीपण दिसले होते, आज्जी."

मी उगाच देवाचं नाव घेतलं नाही.

"घरी नको सांगायला," ती म्हणाली.

"नको. मला मात्र सांगत जा. काहीही झालं तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती इंजेक्शन घेऊन माझ्या खोलीत आली, कडी लावून माझ्या पलंगावर बसली. मी भिंतीकडं तोंड केलं. सुई मला अजून बघवत नाही.

"झालं का गं?"

"थांबा की. आज्जी, तिथंच थांबा."