बडगीतली थाय करी

चूक माझीच होती. वांग्यांची नव्हती, आणि सुनीताची तर अजिबातच नव्हती. हे मी जेवणाआधीच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

झालं असं. मोबाइलवर थाय करी बघताना बायको, म्हणजे सुनीता, एकदा म्हणाली होती, "किती छान हिरवीगार दिसते!" तेवढंच मी धरून बसलो. रविवारी ती भरिताची वांगी आणायला बाजारात गेली (संध्याकाळी तिची आई, अक्का, यावलहून येणार होत्या) आणि मी करीचा मसाला वाटायला घेतला. थायलंडचं आलं जळगावात मिळेना, म्हणून आपलं आलं. तिकडच्या लिंबाची पानं मिळेनात, म्हणून शेजाऱ्यांच्या लिंबाची. गवती चहा मात्र दारातच होता. अख्खी जुडी मिक्सरमध्ये कोंबली!

मिक्सर म्हणाला, घर्र. मग म्हणाला, घुंई. मग काहीच म्हणाला नाही. पात्याला गवती चहाचे दोरे गुंडाळले होते आणि खालून जळका वास येत होता.

माघार घेईन तर मी कसला! समोर बडगी होती. भरीत घोटायचं हे लाकडी भांडं अक्कांनी सुनीताला लग्नात दिलेलं. मी सगळं त्यात ओतून घामाघूम होईपर्यंत कुटलं. हिरवा गोळा डब्यात भरून फ्रिजमध्ये लपवला, बडगी धुतली. वास जाईना. म्हणून लिंबाच्या वासाच्या साबणाने पुन्हा धुतली. (लाकूड साबणाचा वासही पितं. इथे जाणकारांनी डोक्याला हात लावावा.)

संध्याकाळी सुनीताने त्याच बडगीत भरीत घोटलं आणि पानं वाढली. पहिला घास घेऊन अक्का थांबल्या. "सुनी, वांगी भाजली का चहात उकडली?"

माझे वडील, नाना, मूळचे नरडाण्याकडचे, अहिराणीच बोलणारे. ते कधी गप्प बसले आहेत? "भरीतमा चहाना वास येस ना वं!"

"वांगीच तशी असतील," मी म्हणालो. "हल्ली फवारणी फार करतात."

"गवती चहाची?" अक्का म्हणाल्या.

सुनीताने चव घेतली. "आई, माझ्या हातचं भरीत असं कधी बिघडलं नव्हतं गं," म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग मात्र राहवेना. "अक्का, भरीत सुनीताचं आहे. वास माझा आहे!"

जवळजवळ सगळं सांगितलं. सुनीता बघतच राहिली. "माझ्यासाठी?"

"हो."

"मग मिक्सर होता ना!"

"थायलंडात कुटूनच करतात," मी म्हणालो. (हे खरं आहे.)

तिने डबा काढला, मी आणून ठेवलेलं नारळाचं दूध घातलं आणि करी केली. नानांनी दोन वाट्या ओरपल्या. "हाई भरीत बेस शे!" अक्का हसता हसता म्हणाल्या, "जावईबापू, पुढच्या खेपेला तुमच्यासाठी वेगळी बडगी आणते."

मी हात जोडून माफी मागितली. आधी सुनीताची, मग अक्कांची, मग बडगीची. बडगी रोज उन्हात ठेवतो, वास उतरतो आहे. मिक्सरही पुसून जागेवर ठेवला आहे. तो गेल्याचं अजून घरात कुणालाच ठाऊक नाही.

सुनीता, हे तू वाचशीलच. त्याचीही माफी.