जांभळाचा शिरका आणि एकशे अठरा अंश

वडिवळ्याच्या मावशी जांभळाच्या शिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या, दोन बाटल्या घेऊन लोणावळ्याला माझ्या घरी आल्या. खंडाळ्याच्या एका हॉटेलातल्या आचाऱ्याने त्या परत केल्या होत्या. शिरका फिका आहे, शनिवारपर्यंत कडक करून आणलात तर घरातले अख्खे पिंप घेईन, असे तो म्हणाला होता. त्यांच्या मुलीला मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून त्यांनी मला गाठले.

मी आधी मोजून पाहिले. चमचाभर पाण्यात शिरक्याचा एक थेंब, चिमूटभर हळद आणि वरून चुन्याची निवळी थेंबाथेंबाने. हळद लाल झाली की आम्ल संपले असे समजायचे. निवळीचे अकरा थेंब लागले.

उपाय मला सोपा वाटला. पाणी शंभर अंशांना उकळते, शिरक्यातले ॲसिटिक आम्ल एकशे अठराला. तेव्हा पाणी आधी निघून जाईल आणि आम्ल मागे राहील. एक बाटली पातेल्यात ओतून मी गॅस पेटवला.

“बाई, डोळं झोंबत्यात,” मावशी नाकाला पदर लावत म्हणाल्या. “आंबट तर सगळं वर चाललंय.”

“आम्लाचा नंबर नंतरचा आहे, मावशी.”

“त्याला कुटं म्हाईत तुमचा नंबर!”

निम्मे आटल्यावर पुन्हा मोजले. आम्ल सगळे राहिले असते तर बावीस थेंब लागायला हवे होते. लागले चौदा.

मी खुर्चीत बसून विचार करू लागले. अल्कोहोल आणि हे आम्ल, दोन्हींच्या रेणूंत कार्बनचे अणू दोनच. तरी अल्कोहोल अठ्ठ्याहत्तर अंशांना उकळते. कारण आम्लाचे रेणू दोन्ही हातांनी एकमेकांना धरून जोड्या करतात, आणि त्या सोडवायला अधिक उष्णता लागते. हे मी वर्गात कितीदा तरी सांगितले आहे. पण एकशे अठरा हा आकडा निव्वळ आम्लाचा. शिरक्यात चहूकडे पाणीच. तिथे आम्लाच्या रेणूला जोडीदार क्वचितच भेटतो. तो पाण्याचाच हात धरतो आणि वाफेबरोबर बराचसा निघून जातो. माझे गणित पाणी एका भांड्यात आणि आम्ल दुसऱ्यात असल्यासारखे होते.

“मग पानी काडायचं कसं?” मावशींनी विचारले. “येकच बाटली उरलीय.”

वर जाताना पाणी आम्लाला सोबत नेत असेल, तर गोठताना काय करील? बर्फ होताना पाण्याचे रेणू आपापसांत रांगा लावतात आणि इतरांना बाहेर ठेवतात. मी दुसरी बाटली फ्रीजरमध्ये आडवी ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बरणीवर उलटी धरली. आधी गडद जांभळा रस ठिबकला. बाटलीत फिकट गुलाबी बर्फ उरला. बर्फ चाखला तर किंचित आंबट, म्हणजे थोडे आम्ल अडकले होतेच. बरणीत अर्ध्या बाटलीएवढा रस जमल्यावर थेंब मोजले. एकोणीस.

शनिवारी मी मावशींबरोबर खंडाळ्याला गेले. आचाऱ्याने बोट बुडवून चाटले आणि डोळे मिटले.

“आता जमलं. काय केलंत?”

“बाईंनी आदी उकळून घालवला,” मावशी म्हणाल्या, “मग गोठवून आणला.”

“पिंप कधी आणता?”

“महिन्याभरात,” त्या लगेच म्हणाल्या. मग बोटांवर काहीतरी मोजून माझ्याकडे वळल्या.

“बाई, तुमच्या फ्रीजरमदलं मटार-बिटार काडून ठेवा. महिनाभर त्यो माजा.”