गळ्याएवढ्या पाण्यात

ठाण्याच्या कचेरीत मी कारकून होतो. बैठ्या कामाने कंबर धरली, तेव्हा वैद्यबुवांनी रोज सकाळी तळ्यात उतरून चालायला सांगितले. तिथे मिठागरातला एक म्हातारा भेटे. मिठाच्या टोपल्या वाहून तो कमरेत पार वाकला होता. पण गळ्याएवढ्या पाण्यात शिरला की ताठ उभा राही आणि एकेक गुडघा सावकाश छातीशी नेई. मलाही त्यानेच ते शिकवले. नाव मी कधी विचारले नाही.

"या वयात एवढी मेहनत कशाला, बाबा?" मी एकदा म्हटले.

"पोरगा गेला तवा कंबर उचलली नाय. त्याला खांदा देता आला नाय," तो म्हणाला. "आता म्हातारी हातरुनाला खिळलीय."

पुढे आठ दिवस तो आला नाही. नवव्या दिवशी पायरीवर बसलेला दिसला.

"तिला खांदा देऊन चार पावलां चाललो," तो म्हणाला. "मंग लोकांनी मना बाजूला केला."

मी पाण्यातून हात पुढे केला. त्याने नुसती नकारार्थी मान हलवली. त्यानंतर तो तळ्यावर आला नाही. माझी कंबर मात्र बरी झाली, आणि याची मला अजून लाज वाटते.