खाली घ्या

"पेशंटला खाली घ्या," सर म्हणाले, आणि पेशंटच्या आईने हंबरडा फोडला.

आम्ही सगळे चमकलो. पेशंट तर जिवंत होता. मनगटाला नाडी लागत नव्हती, पण छातीला स्टेथोस्कोप लावला की ठोके ऐकू येत होते. सर माझ्याकडे बघायला लागले. त्या वर्गात जव्हारकडचा मी एकटाच, त्यामुळे काहीही झालं की सगळे माझ्याकडेच बघायचे. जणू इथल्या डोंगरांचा जाबही मीच द्यायचा होता.

वर्ग कसला, ते आधी सांगतो. जव्हार संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. आडगावच्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांना अत्यवस्थ रोगी कसा सांभाळायचा याचं ट्रेनिंग द्यायचं, असं सरकारने ठरवलं. अत्यवस्थ म्हणजे असा रोगी, की आत्ता काही केलं नाही तर नंतर करायला काही उरत नाही. शिकवायला मुंबईहून जव्हारला सर आले. माणूस हुशार, हात चपळ, बोलणं मात्र पोस्टाच्या तारेसारखं तुटक. डिग्री घेऊन वर्षं उलटलेले आम्ही पुन्हा बाकावर बसलो. माझं चित्त काही थाऱ्यावर नसायचं. तिकडे मोखाड्याचा माझा दवाखाना कंपाउंडरच्या भरवशावर, आणि इकडे मी फळ्यावरच्या आकृत्या उतरवून घेतोय.

त्या दिवशी आकृतीच्या जागी खरा रोगी आला. खोडाळ्याकडचा देवजी नावाचा तरणाबांड गडी. उन्हाळ्याचे दिवस, विहिरी तळाला गेलेल्या, आणि गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ. घरच्यांनी त्याला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणला आणि तिथून लाकडाच्या लॉरीत टाकून जव्हारला. डोळे खोल गेलेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. सोबत आई, भाऊ आणि बायको सोनी.

सर म्हणाले, "शॉक. बघून ठेवा." शॉक म्हणजे विजेचा नव्हे. अंगातलं पाणी इतकं जातं की शिरांतून फिरायला रक्तच पुरत नाही, आणि माणूस विझत जातो. उपाय एकच, गेलेलं पाणी शिरेतून परत भरायचं. पण त्याच्या शिरा पार मिटून गेलेल्या, सुई जाईना. मग सरांनी कट-डाउन केलं. घोट्यावर छोटी चीर द्यायची, शीर उघडी करायची आणि तिच्यात नळी बसवायची. मी हे पहिल्यांदाच बघत होतो. त्यांचे हात बघून माझी सगळी कुरकुर थांबली.

नळी बसली, पण सलाईन उतरेना. पटकीच्या रोग्यांसाठी बांधलेली ती शेड बुटकी, स्टँड मोडका, बाटली खिडकीच्या गजाला बांधलेली. खाट आणि बाटली यांच्यात जेमतेम हातभर अंतर. सरांनी क्षणभर विचार केला. बाटली वर जात नसेल, तर माणूस खाली आणायचा. डॉक्टरच्या हिशेबात यात काहीच चूक नव्हती. आम्ही चादरीसकट देवजीला उचलला, जमिनीवर ठेवला आणि पायांखाली विटा दिल्या. सलाईन धो धो उतरायला लागलं.

आणि तिकडे घरच्यांच्या लेखी देवजी संपला. आमच्याकडे माणूस चालला की त्याला अंथरुणावरून भुईवर घेतात. "खाली घेतलं" म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. इथे तर मुंबईच्या डॉक्टरांनीच खणखणीत आवाजात सांगितलं होतं.

भाऊ उठून बाहेर गेला. सोनीने दोन्ही हात जमिनीवर आपटले. बांगड्यांचे तुकडे थेट विटांपर्यंत उडाले. आईने फडक्याच्या गाठोड्यातून वाटी काढली, पाणी ओतलं आणि लेकाच्या तोंडाशी नेलं. शेवटचं पाणी.

मी ती वाटी धरली. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते घशाखाली न जाता फुप्फुसात जातं. एका घोटात खेळ खलास झाला असता.

"सोड," ती म्हणाली. "डाक्तरांनीच खाली घ्या सांगला. माझा पोर तहानेला जायाचा नाय."

"माय, तो गेला नाही. पाणी त्याला पायातून देतोय आम्ही."

"पायातून कोन पानी पितो?"

हा प्रश्न आमच्या वर्गातही कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "वरच्या खाचरातलं पाणी खालच्या खाचरात उतरतं ना? बांध उंच असला तर जोरात उतरतं. बाटली वरचं खाचर, देवजी खालचं. म्हणून खाली घेतलाय."

तिला पटलं असं मला वाटत नाही. पण शेतकरी बाई, बाटलीतलं पाणी कमी होताना तिने बघितलं. वाटी तिने खाली ठेवली नाही, पुढेही केली नाही.

तेवढ्यात शेडच्या मागून कोयत्याचे घाव ऐकू यायला लागले. तिथे बांबूचं बेट होतं. भाऊ तिरडीची तयारी करत होता.

सरांनी विचारलं, "कसला आवाज आहे?" मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला आणि लगेच ते रागावले. "मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बोलायच्या आधी कसं सांगणार, सर?"

ते बाटलीकडे वळले. मीही. बाटली संपली, दुसरी लावली. मी देवजीच्या मनगटावर बोटं ठेवून बसलो. नाडी नाही. बाहेर घाव चालूच. मी छातीठोकपणे सांगून बसलो होतो की तो गेलेला नाही. आता हा गेला असता, तर खोडाळ्याच्या बाजारात कुणी दवाखान्याचं नावही काढलं नसतं. दुसरी बाटली निम्म्यावर आली तेव्हा बोटाखाली काहीतरी हललं. माझंच बोट थरथरतंय असं मला वाटलं. सरांनी स्वतः हात लावून बघितलं आणि मान हलवली.

मी बाहेर पळत गेलो आणि भावाच्या हातातला कोयता काढून घेतला. त्याला आत आणून देवजीच्या छातीवर त्याचा हात ठेवला. तो तिथेच मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला.

संध्याकाळी देवजी खाटेवर होता. सोनी त्याला पेज भरवत होती. आमचा सगळा वर्ग भोवती उभा. त्याने आधी आम्हाला बघितलं, मग बायकोचं कुंकू पुसलेलं कपाळ आणि तिचे मोकळे हात. बराच वेळ तो त्या हातांकडे बघत राहिला.

"कोन मेला?" त्याने विचारलं.

सोनीने चमचा भरला.

"तूच," ती म्हणाली, आणि पेज त्याच्या तोंडात घातली.

सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी फळ्यावर शॉकच्या उपचारात सलाईनच्याही वर त्यांनी एक ओळ लिहिली: काय करणार ते घरच्यांना आधी सांगा, त्यांच्या शब्दांत. परीक्षेत हा प्रश्न आला नाही. पण मोखाड्याला परतल्यावर मी कंपाउंडरला ताकीद दिली, आणि निवृत्त होईपर्यंत ती पाळली. आमच्या दवाखान्यात फळीवरची औषधाची बाटलीसुद्धा उतरवायची. खाली घ्यायची नाही.